शून्याची बाई

हेस्टर लव्हग्रोव्ह गेली तेव्हा गावच्या चर्चच्या पत्रकात तिच्यावर दोन ओळी आल्या. सरकारी प्रयोगशाळेत नोकरीला होत्या, बागेत स्वीट पी फार छान फुलवायच्या. बास, संपलं. स्वीट पीचं मला काही ठाऊक नाही, कारण मी तिच्या बागेत पहिल्यांदा पाऊल ठेवलं तेव्हा फेब्रुवारी होता आणि नुसत्या काटक्या उभ्या होत्या. पण एकोणीस वर्षांच्या कामाची अशी बोळवण केलेली पाहून माझं डोकंच फिरलं. म्हणून हे लिहायला बसले.

तोंडावर मी तिला शेवटपर्यंत मिस लव्हग्रोव्ह आणि तुम्हीच म्हणत आले. मनात मात्र ती म्हणजे ती.

आमचं काम साधं होतं आणि डोळे फोडणारं होतं. कुठल्या कारखान्यात, इस्पितळात नाहीतर विद्यापीठात कुणाला किरणांचा मार बसल्याचा संशय आला, की त्या माणसाचं रक्त गाडीने आमच्याकडे ऑक्सफर्डशरच्या टेकड्यांच्या पायथ्याशी यायचं. ते दोन दिवस उबेत वाढवायचं, काचपट्टीवर थेंब टाकायचा, रंगवायचा आणि सूक्ष्मदर्शकाखाली घ्यायचा. पेशी दुभंगायच्या बेतात असली की तिची शेहेचाळीस गुणसूत्रं सुटी सुटी दिसतात. प्रत्येकाला एक कंबर असते. किरणांनी दोन गुणसूत्रं तुटली आणि तुटकी टोकं भलत्याशीच जुळली, की दोन कमरांचं एक लांबडं गुणसूत्र तयार होतं. आम्ही बायका त्याला जोडपं म्हणायचो. चांगल्या माणसाच्या हजार पेशींत एखादं जोडपं सापडलं तर सापडतं. मार बसलेल्याच्या रक्तात ती निघत जातात, आणि किती निघाली यावरून मार किती ते सांगता येतं.

कुठल्या किरणांचा मार, तेही कळतं. गॅमा किरण घरटी एक पोळी वाटत जावं तसे असतात. जोडपी विखुरलेली, एका पेशीत एक, फार तर दोन. न्यूट्रॉनचं तसं नाही. तो नव्वद घरं सोडून एकाच घरात घुसतो आणि तिथली सगळी भांडीकुंडी फोडून बाहेर पडतो. अशा रक्तात बऱ्याच पेशी धुतल्या तांदळासारख्या असतात आणि मध्येच एका पेशीत चार-चार जोडपी. फक्त एक मेख आहे. अंगाच्या एकाच भागावर भरपूर किरण पडले, तरी रक्ताचं चित्र जवळजवळ असंच दिसतं. ही मेख आम्हा सगळ्यांना पाठ होती. वेळेवर आठवली कुणाला?

दर वेळी संशयिताच्या नळीशेजारी आणखी एक नळी लावायची, चांगल्या माणसाच्या रक्ताची. तिच्यात पेशी नीट वाढल्या म्हणजे औषधपाणी ठीक आहे, एवढाच तिचा उपयोग. ही तुलनेची नळी कायम मिस लव्हग्रोव्हची असायची. कारण असं, की कारखान्यातून येणारं रक्त नेहमी पुरुषाचं. तुलनेला बाई घेतली की नळ्या चुकून बदलल्या तरी गुणसूत्रांवरून लगेच पकडता येतं. प्रयोगशाळा सुरू झाली ते वर्ष एकोणीसशे त्रेसष्ट, तेव्हा तिथे बाई एकच होती. तिने बाही वर केली ती अठरा वर्षं.

एवढंच नाही. अमुक किरणांनी अमुक इतकी जोडपी, हे आमचे जे तक्ते होते ते सगळे तिच्याच रक्तावर बेतलेले. तिचं रक्त बाटलीतून क्ष-किरणाखाली ठेवलं, कोबाल्टखाली ठेवलं, न्यूट्रॉनसमोर नेलं, अल्फा किरणांनी भाजलं. देशात कुणालाही मार बसला की तो मिस लव्हग्रोव्हशी ताडून बघायचा. आणि तक्त्याच्या सुरुवातीचं शून्य म्हणजे ती स्वतः, किरण न लागलेली. सगळे तिला गमतीने शून्याची बाई म्हणत. तीही हसून घ्यायची.

माणूस म्हणून मात्र तिच्याबद्दल कुणाला फारसं काही ठाऊक नव्हतं. मी बहात्तर साली लागले आणि तिच्याशेजारच्या टेबलावर दहा वर्षं बसले. मला एवढंच माहीत की आई वारल्यापासून ती एकटी राहते, घर गवताच्या छपराचं आहे, आणि डब्यात रोज चीज आणि लोणच्याचं सँडविच असतं. साडेदहाला आम्ही सगळे चहाला खोलीत जमायचो. ती कप घेऊन परत सूक्ष्मदर्शकाशी जायची. दहा वर्षांत तिने मला घरी बोलावलं नाही, आणि खरं सांगायचं तर मीही कधी आपणहून विषय काढला नाही. माझी पोरं लहान होती, नवरा फिरतीवर असायचा. सबबी काय, हव्या तेवढ्या असतात.

एक्क्याऐंशीच्या मार्चमध्ये तिने सांगितलं की घर शाकारायला माणसं येताहेत, त्यांना दार उघडून देऊन, कामाला लावून मग येईन. आणि पाच आठवडे ती रोज दुपारी बारानंतर येऊ लागली. रंग उतरलेला, चाल मंदावलेली. मला वाटलं, गवताची धूळ सोसत नसेल. मग एका रविवारी आम्ही गाडीने तिच्या गावावरून गेलो आणि पाहते तर छप्पर होतं तसंच, काळंकुट्ट, शेवाळलेलं. एक नवी काडी नाही. मला राग आला, ही बाई आमच्याशी खोटं बोलते म्हणून. सोमवारी चहाच्या खोलीत, ती कप भरून घेत असताना, मी सगळ्यांसमोर म्हटलं, "मिस लव्हग्रोव्ह, छप्पर राहू दे, शाकारणारा कसा आहे ते सांगा. पाच आठवडे घर सोडवेना तुम्हाला."

सगळे हसले. तीसुद्धा हसली आणि म्हणाली, "दिसायला बरा आहे, पेग. बोलत मात्र नाही." आणि कप घेऊन निघून गेली.

हे माझं बोलणं आजही आठवलं की माझी मलाच लाज वाटते.

जूनमध्ये एकसष्ट नंबरचं रक्त आलं. आम्हाला नाव कधी कळत नसे, फक्त नंबर. पण बाकीचं कळायचं. एका विद्यापीठातल्या न्यूट्रॉनच्या यंत्रावर काम करणारी सहाय्यक, वय सव्वीस. यंत्र बंद आहे समजून आत गेली होती. ते खरंच बंद होतं की चालू, हे कुणी छातीठोकपणे सांगेना. मार मोजणारा बिल्ला तिच्या कोटावर होता आणि कोट बाहेर खुंटीवर. म्हणजे आता बोलेल ते रक्तच. आणि पोरगी साडेतीन महिन्यांची गरोदर होती.

आमच्याकडे आलेलं हे पहिलं बाईचं रक्त. नर्स आली, मिस लव्हग्रोव्हने नेहमीसारखी बाही वर केली, आणि दोन्ही नळ्या मी लावल्या. बाईच्या शेजारी बाईची नळी लावली तर अदलाबदल ओळखायची कशी, हे आमच्यापैकी एकाच्याही डोक्यात आलं नाही. अठरा वर्षांची सवय.

तेव्हा आमचे साहेब होते डॉ. पेटिफर, तरुण, नवे, काटेकोर. आठवड्याने त्यांनी फर्मावलं की गोष्ट पोराची आहे, तेव्हा या वेळी तुलनेची नळीसुद्धा नुसती चाळायची नाही, पुरती मोजायची. पट्ट्यांना अ आणि ब अशी अक्षरं दिली. कुठली कुणाची ते फक्त साहेबांना ठाऊक. मी आणि मिस लव्हग्रोव्ह, दोघी आपापल्या मोजत होतो आणि रिवाजाप्रमाणे एकमेकींशी त्यावर अवाक्षर बोलत नव्हतो. अ स्वच्छ होती. ब भयंकर होती. पाचशे पेशींत साठ जोडपी, तीही एकेका पेशीत गर्दी करून. तेव्हा मी मनात म्हटलं, गेलं बिचारीचं.

मंगळवारी दुपारी साहेबांनी अक्षरं उघडली. अ त्या पोरीची होती. ब मिस लव्हग्रोव्हची.

आता तुम्हीच सांगा, आम्ही काय समजायचं? साहेब माझ्याकडे वळून म्हणाले, "पेग, नळ्या तू लावल्यास ना?" मी म्हटलं, हो. "मध्ये उठली होतीस?" मी आधी ठाम नाही म्हणाले. मग आठवलं, फोन वाजला होता. पोराच्या शाळेतून, ताप आलाय म्हणून. परत येऊन मी झाकणं लावली होती. मी घाबरले. माझा माझ्यावरच भरवसा उरला नाही आणि मी म्हटलं, झाली असेल अदलाबदल, माझ्याच हातून झाली असेल.

साहेब ओरडले नाहीत. सगळं जुळतच होतं ना. न्यूट्रॉनचं यंत्र आणि न्यूट्रॉनसारखंच चित्र. शिवाय मिस लव्हग्रोव्हच्या रक्तात साठ जोडपी असतील यापेक्षा सूर्य पश्चिमेला उगवला हे पटलं असतं. त्यांनी तिथूनच डॉक्टरांना फोन लावला. पलीकडचं ऐकू येत नव्हतं, पण साहेबांच्या चेहऱ्यावरून कळत होतं. फोन ठेवून त्यांनी सांगितलं की पुन्हा रक्त मागवता येईल, पण वाढवून मोजेपर्यंत दहा-बारा दिवस जाणार, आणि डॉक्टर थांबायला तयार नाहीत. जितका उशीर तितकं बाईला जड. त्या नवराबायकोने कालच सांगून ठेवलंय, रक्त वाईट निघालं तर मूल नको. शुक्रवारची वेळ घेतली आहे.

मिस लव्हग्रोव्ह खिडकीपाशी बसून भिंग पुसत होती. पुसून झालेलं भिंग ती पुन्हा पुसत होती. पाचला तिने सूक्ष्मदर्शकावर झाकण घातलं, टोपी घातली आणि बसथांब्याकडे गेली. मी घरी जाऊन नवऱ्यासमोर ओक्साबोक्शी रडले.

बुधवारी साडेदहाला चहाची किटली आली आणि मिस लव्हग्रोव्ह कप भरून घेऊन खुर्चीवर बसली. आमच्यात. अठरा वर्षांत पहिल्यांदा.

"पेगने नळ्या बदललेल्या नाहीत," ती म्हणाली. "ब माझीच आहे."

साहेब समजुतीच्या सुरात म्हणाले, मिस लव्हग्रोव्ह, तुम्हाला पेगची बाजू घ्यावीशी वाटते हे मी समजू शकतो, पण ते शक्य नाही.

"घर शाकारलेलं नाही," ती म्हणाली. आवाज रोजचाच होता. "माझा एक स्तन काढला जानेवारीत, कॅन्सर होता, नाताळाच्या रजेला जोडून. मार्चमध्ये कोबाल्टचे शेक घेतले. पंचवीस. सकाळची बस धरून ऑक्सफर्डला जायचे आणि तिथून इकडे."

अंगाच्या एकाच भागावर शेक, म्हणून चित्र न्यूट्रॉनसारखं; ती मेख मला तेव्हा आठवली. ती माझ्याकडे बघून पुढे म्हणाली की तुलनेची नळी कधी पुरती मोजत नाहीत, म्हणून तिने रक्त दिलं. नाही म्हटलं असतं तर का ते सांगावं लागलं असतं, आणि सांगितलं असतं तर तिला आजारी ठरवून घरी बसवलं असतं. घरी बसून काय करायचं? काल अक्षरं उघडल्यावर कुणीतरी तिला विचारेल म्हणून ती वाट पाहत होती. उत्तर तयार ठेवलं होतं. पण कुणी तिला विचारलंच नाही. सगळ्यांनी पेगला विचारलं.

"तेव्हाच बोलायला हवं होतं," ती म्हणाली. "धीर झाला नाही. एक रात्र त्या मुलीने माझ्यापायी तळमळत काढली."

साहेब हळूच म्हणाले की नुसत्या तुमच्या शब्दावर ब तुमचीच आहे हे सिद्ध कसं करायचं? पेगला वाचवायला बोलताहेत, असंच कुणीही म्हणेल. उद्या डॉक्टरांना मी काय सांगू?

तेव्हा ती उठली आणि आम्हाला सूक्ष्मदर्शकाशी घेऊन गेली. ब पट्टी लावली, एक पेशी शोधली आणि मला म्हणाली, लहान गुणसूत्रांकडे बघ. काही गुणसूत्रांच्या डोक्यावर बारीक शेंडी असते, असून नसल्यासारखी. तिच्या एका गुणसूत्राची शेंडी चांगली लांब होती, ठसठशीत. दुसरी पेशी, तिथेही. दहा पेशी बघितल्या, दहाही ठिकाणी. मग तिने कपाटातून सदुसष्ट सालची तिची पट्टी काढली. तीच शेंडी. एक्काहत्तरची, तीच शेंडी. अ पट्टीवर साहेबांनी तीस पेशी पालथ्या घातल्या, एकीलाही नव्हती.

"जन्माची खूण आहे," ती म्हणाली. "पहिल्याच वर्षी दिसली होती मला. कुणाला सांगण्यासारखं काय होतं त्यात?"

नऊ वर्षं मी तिच्या पेशी पाहत होते. हजारो. आम्ही कंबरा मोजायचो, शेंड्या कोण बघतंय. तिला मी नऊ वर्षं भिंगाखाली पाहिलं आणि ती मला एकदाही दिसली नाही.

साहेबांनी बाराच्या आत डॉक्टरांना फोन केला. एकसष्ट नंबर स्वच्छ, मार नाही. शुक्रवारची वेळ रद्द झाली. पुढे डिसेंबरात मूल सुखरूप झाल्याचं एका पत्रात आलं, मुलगा की मुलगी ते लिहिलं नव्हतं. हे कुणामुळे झालं ते त्या आईला कधीच कळलं नाही. तिच्या अहवालावर सही साहेबांची.

आणि आम्ही मिस लव्हग्रोव्हचं काय केलं? सगळ्यांनी आपापल्या परीने चांगलं वागायचं ठरवलं, म्हणजे सगळे तिच्यापासून चार हात लांब राहू लागले. कुणी पुडिंग आणून टेबलावर ठेवून पळायचं. मी माफी मागायला गेले तर ती म्हणाली, शाकारणाऱ्याचा विनोद चांगला होता गं, आणि पुन्हा मोजायला लागली. तुलनेच्या नळीला माझं रक्त घेऊ लागले. आता शून्य मी. तिला एक नंबर मिळाला आणि दर जानेवारीत तिचं रक्त घ्यायचं ठरलं, कारण शेकानंतर जोडपी किती वर्षं टिकतात हे शास्त्राला हवं होतं. ब्याऐंशीच्या डिसेंबरात तब्येतीच्या कारणावरून ती निवृत्त झाली. शेरीचा एकेक ग्लास झाला, एक घड्याळ दिलं. येत जा हं, असं तिला सगळे म्हणाले. तुमच्याकडे आम्ही येऊ, असं कुणी म्हणालं नाही.

पट्ट्यांवर नाव नसायचं, पण शेंडी मला आता लांबून ओळखू यायची. ब्याऐंशीत पाचशे पेशींत बावन्न जोडपी, त्र्याऐंशीत चाळीस. जुन्या पेशी मरतात, नव्या येतात, तशी ती ओसरत जातात. चौऱ्याऐंशीच्या जानेवारीत ती रक्त देऊन गेली, तेव्हा मी नेमकी चहाला गेले होते. फेब्रुवारीत त्या पट्ट्या माझ्यापुढे आल्या. शेंडी दिसली आणि मला बरं वाटलं. मग मी मोजायला लागले. पहिल्या शंभर पेशींतच तीस जोडपी झाली.

मी पुन्हा मोजलं. शुक्रवार होता. जोडपी आपोआप वाढत नाहीत. म्हणजे दुखणं उलटलं होतं, आणि ही बाई परत शेक घेत होती, आणि परत तिने कुणाला सांगितलं नव्हतं. या वेळी तर शाकारणाऱ्याची थाप मारायलासुद्धा तिच्याजवळ माणूस नव्हतं.

कुणाचं रक्त काय म्हणतं हे मोजणाऱ्याने बाहेर बोलायचं नसतं, हा आमचा पहिला नियम. रविवारी मी बस धरली आणि तिच्या दारात जाऊन उभी राहिले. तिने दार उघडलं. निम्मी झाली होती.

"छप्पर बघायला आलीस होय?" ती म्हणाली.

मी हो म्हटलं. आत खरंच छप्पर गळत होतं, जिन्यापाशी बादली ठेवली होती. आम्ही स्वयंपाकघरात बसलो. कसं कळलं, हे तिने विचारलं नाही. मीच विचारलं, किती झाले आणि किती राहिले. सोळा झाले, नऊ राहिले, ती म्हणाली. उद्या आठ वाजून दहाची बस.

सोमवारी आठ-दहाला मी थांब्यावर होते. तिने बघितलं आणि सरकून जागा दिली. नऊच्या नऊ खेपा मी तिच्याबरोबर केल्या, बाकावर बसून तिचा कोट सांभाळला. नर्सने पहिल्या दिवशी विचारलं, तुम्ही कोण, आणि मी म्हटलं, मी शेजारच्या टेबलावर बसते. पुढच्या हिवाळ्यात ती गेली.

मोजण्यात माझा हात कुणी धरत नाही, म्हणून हेही मोजून ठेवलं आहे. पहिल्या वेळचे पंचवीस आणि दुसऱ्या वेळचे सोळा. एक्केचाळीस वेळा ती त्या बसमधून एकटी गेली.